भंगारातला कमानपाटा आणि उसाचा बुडखा



हंगाम जवळ आला की वाहनांची, उचलीची, तोडीच्या पाळीची चर्चा गावोगाव सुरू होते. ज्या हत्याराने ऊस तुटतो त्या कोयत्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’. उचलही त्याच हिशेबाने मिळते. हे हत्यार बनते तरी कशाचे, हे पाहायला आम्ही पुसद-उमरखेड रस्त्याकडेच्या गाडीलोहारांच्या पालावर गेलो.

माल सारा भंगारातला. ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा, झिजलेली कानस, जुने कोयते. पहिली पसंती कमानपाट्याला. साध्या सळईत कार्बन जेमतेम पाव टक्का, तिला धार टिकत नाही. कानशीत एक टक्क्याहून जास्त. ती कडक, पण दणक्याने तुटते. कमानपाट्यात अर्धा टक्का किंवा थोडा अधिक. धारही राहते, दणकाही सोसतो. फक्त पाट्याला बारीक तडा नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

भात्यावर पाटा लाल झाला की माणूस तो सांडशीत धरून ऐरणीवर फिरवतो आणि बाई घण घालते. आकार आला, तरी खरे कसब पाणी देण्यातच. पाते इतके तापवायचे की लोहचुंबक चिकटेनासे होते. मग फक्त धारेची बाजू बुडवायची. थंडगार पाण्यात एकदम घातले तर तडा जातो, म्हणून जाणता लोहार तेल वापरतो. पाठीतली उरलेली धग धारेकडे सरकते. घासलेल्या धारेवर आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढतो. तपकिरी-जांभळ्यावर पुन्हा बुडवले की कोयता झाला. निळा होऊ दिला तर धार मऊ पडते.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग? पक्व उसात साखर जास्त असते ती बुडख्याच्या कांड्यांत. कोयता बोथट असला की तोडणारा वरून घाव घालतो आणि सर्वांत गोड कांडे वावरातच राहते. खुंट उंच राहिला की खोडव्याचे फुटवे वरच्या डोळ्यांतून येतात, त्यांच्या मुळ्या जमिनीत नीट धरत नाहीत. म्हणजे वजन गेले, उतारा गेला आणि पुढचे पीकही कमजोर. शिवाय बोथट कोयत्याला जोर जास्त लागतो, तो निसटून पायावर बसतो.

म्हणून कास्तकारांना आमचे सांगणे एवढेच. तोडीआधी टोळीचे कोयते पाहा, धार लावायला लोहाराचे पैसे आपण द्या. विजेच्या ग्राइंडरवर घाईने धार काढू नका; पात्यावर निळी झाक आली की दिलेले पाणी उतरले समजा. दगडावर, पाणी शिंपीत घासलेले बरे. आणि झिजलेला कोयता फेकू नका, त्याचे खुरपे चांगले होते.