संत्रा आपला, नाव कोणाचे?

आपल्या अमरावती जिल्ह्यात एक शेंदूरजना बाजार आहे, तिवसा तालुक्यात. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याकडे शेंदूरजना आढाव आहे. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात आपले शेंदूरजनाघाट. एसटीत बसून नुसते 'शेंदूरजना' म्हटले तर कंडक्टर विचारतोच, "कोणतं?" जुन्या माणसांनी म्हणूनच प्रत्येकाला एकेक शब्द जोडून दिला. कोणाला बाजार, कोणाला आढाव, आपल्याला घाट. पाहुणा चुकू नये, चिठ्ठी भलत्या गावी जाऊ नये, एवढाच हेतू.

हे शहाणपण गावाच्या नावात आहे. धंद्याच्या नावात ते कुठे जाते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. वरुडकडून शेंदूरजनाघाटला येताना रोपवाटिकांचे बोर्ड वाचत या. कुठे देवाचे नाव, कुठे 'किसान', कुठे 'बळीराजा', कुठे मालकाचे आडनाव. त्याच नावाचे बोर्ड दुसऱ्या तालुक्यातही दिसतात, मध्य प्रदेशातही दिसतात. नाव वाईट नाही हो. पण ते सगळ्यांचे आहे, म्हणून तुमचे नाही.

भाजीवाल्याला नावाची फारशी गरज नसते. भाजी समोर असते, गिऱ्हाईक दाबून पाहते, घेते. संत्र्याच्या कलमेचे तसे नाही. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलम हातात घेतली तर ती सगळी सारखीच दिसते. डोळा कोणत्या झाडाचा, मातृवृक्ष निरोगी होता की डिंक्याने धरलेला, हे त्या हिरव्या काडीवर लिहिलेले नसते. घेणारा ती मध्य प्रदेशात नेतो, राजस्थानात नेतो, लावतो आणि फळ यायला चार-पाच वर्षे थांबतो. तोवर त्याच्याजवळ काय असते? फक्त नाव. कलम खराब निघाली तर तो म्हणतो, "शेंदूरजनाघाटवाल्यानं फसवलं." कोणत्या शेंदूरजनाघाटवाल्याने, हे त्यालाही आठवत नाही. एकाचा खोटा माल गावातल्या शंभर जणांच्या माथी बसतो. आणि ज्याने चांगली कलम दिली त्याचेही नाव त्याला आठवत नाही, म्हणून पुढच्या वेळी तो दुसऱ्याच दारात उभा राहतो.

आता माझी एक चूक सांगतो. या भागातल्या एका महिला गटाने संत्र्याचा स्क्वॅश करायला घेतला. माल चांगला होता. नाव काय ठेवावे म्हणून मला विचारले, त्यांनी दोन-तीन नावे सुचवली होती. त्यातले एक मी वाचले आणि म्हटले, "हे छान आहे, हेच ठेवा." अमृताशी नाते सांगणारे गोड नाव होते. गटाने पाच हजार पाऊच छापून आणले. काही महिन्यांनी एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, की हे नाव आमच्या नावाशी मिळतेजुळते आहे, वापर थांबवा. शोधले तर त्यांचे नाव खरेच नोंदलेले होते, आणि आमच्यापेक्षा कितीतरी वर्षे आधी. पाऊच घरातच पडून राहिले. गटाच्या अध्यक्ष बाई मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, नाव तं तुमीच चांगलं हाय म्हटलं होतं." मला उत्तर देता आले नाही. पिकाला खत किती द्यावे हे मी शिकलो होतो, नाव कसे शोधावे हे मला कोणी शिकवले नव्हते. त्यानंतर वाचले, विचारले, आणि जे समजले ते इथे मांडतो आहे.

संत्र्याच्याच धंद्यातले एक उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी १८९३ मध्ये आपली सहकारी संस्था काढली. त्यांचे रडगाणे आपल्यासारखेच होते. फळ भरपूर, दलाल मध्ये, आणि खाणाऱ्याला ते फळ कोणाचे हे माहीत नाही. १९०७ मध्ये त्यांनी आयोवा राज्यात जाहिरातीचा प्रयोग केला, विक्री वाढली. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, संस्थेच्या फळाला 'सनकिस्ट' नाव मिळाले. इंग्रजीत 'सन-किस्ड' म्हणजे सूर्याने चुंबिलेले. पण तो रोजच्या भाषेतला शब्द, त्यावर एकट्याचा हक्क कोण देणार? म्हणून त्यांनी उच्चार जवळपास तोच ठेवला आणि स्पेलिंग बदलले. अर्थ कळतो, आणि शब्द त्यांचाच राहतो.

त्यापुढची गोष्ट मला नावापेक्षा महत्त्वाची वाटते. नाव ठेवून ते थांबले नाहीत. निवडलेले फळ पातळ कागदात गुंडाळले आणि प्रत्येक कागदावर नाव छापले. दुसऱ्याचे फळ सनकिस्ट म्हणून विकण्याची लबाडी तिथेही होतीच. मग ठराविक वेष्टने पाठवणाऱ्या गिऱ्हाईकाला चमचा देण्याची योजना काढली. घरची बाईच दुकानदाराला कागद मागू लागली. पुढे १९२६ पासून फळाच्या सालीवरच शिक्का मारू लागले. एवढे झाल्यावर १९५२ मध्ये संस्थेने आपले जुने लांबलचक नाव सोडले आणि फळाचेच नाव संस्थेला दिले.

आपल्याकडे असे झाले नाही असे समजू नका. 'नोगा'चा जॅम, स्क्वॅश, केचप तुम्ही पाहिला असेल. नोगा म्हणजे काय, असे मी एका सभेत विचारले तर अर्ध्या लोकांना ते एखाद्या माणसाचे आडनाव वाटले. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन, म्हणजे नागपूरच्या संत्रा बागायतदारांचा संघ, त्याची चार इंग्रजी आद्याक्षरे म्हणजे नोगा. पुढे तो कारखाना आणि ते नाव महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आले, आणि आजही महामंडळ त्याच नावाने माल विकते. बागायतदारांचा संघ लोक विसरले, नाव मात्र फळीवर उभे आहे. धंद्यात इमारत, यंत्र, मनुष्य यांच्याइतकेच नावही विकले जाते आणि विकत घेतले जाते, हे यावरून ध्यानात घ्या.

लिज्जत पापडाची गोष्ट सोपी आहे. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. नाव ठेवले ते तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, आणि त्यासाठी आपसात स्पर्धा घेतली. बक्षीस होते ५ रुपये. कुठल्या जाहिरात कंपनीला बोलावले नाही. जिभेवर येणारा, चव सांगणारा एक शब्द निवडला. आपल्या बचत गटांनी बारशाला हीच पद्धत धरावी असे मला वाटते. आत्या एकच असते, पण गटात पंधरा जणी असतात, आणि नाव कोणाच्या तोंडून येईल हे सांगता येत नाही.

आपल्या अकोल्याचे 'महाबीज' पाहा. १९७६ मध्ये बियाणे महामंडळ स्थापन झाले. त्याचे पूर्ण नाव शेतकरी कधीच घेत नाही. दुकानात जाऊन तो विचारतो, "महाबीजचं हाय का?" तीन-चार अक्षरात राज्यही आले, मालही आला. मात्र त्यानंतर जो तो 'महा' लावत सुटला आहे. आता नव्या माणसाने महा लावला तर तो सरकारी वाटतो नाही तर नकली.

कोणी म्हणेल, आपल्याला 'नागपुरी संत्रा' हे नाव आहेच की. आहे. २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून शेतकरी स्वतः नाव नोंदवू शकतो, आणि २०२० च्या नियमबदलाने त्या अर्जाची फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आली. ती नोंद जरूर करा, कारण बाहेरचा किन्नो नागपुरी म्हणून विकला जातो ही आपली जुनी तक्रार आहे. पण ते नाव सामाईक विहिरीसारखे आहे. पाणी सगळ्यांचे, राखण सगळ्यांनी करायची. तुमच्या पेटीची ओळख त्यातून होत नाही. सामाईक नावाखाली तुमचे स्वतःचे नाव असले पाहिजे.

आता कायद्याकडे येतो, कारण नुकसान तिथेच होते. सगळ्यात मोठा गैरसमज असा की शेतकरी उत्पादक कंपनी नोंदली, जीएसटी घेतला, रोपवाटिकेचा परवाना काढला, म्हणजे नाव आपले झाले. तसे नाही. कंपनीची नोंदणी कंपनीपुरती आणि परवाना धंद्यापुरता. नावाचा हक्क १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीने मिळतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. ताजी फळे, बियाणे आणि कलमा ३१ व्या वर्गात येतात, जॅम-जेली २९ व्यात, स्क्वॅश आणि रस ३२ व्यात. म्हणजे कलमेसाठी नोंदलेले नाव स्क्वॅशला आपोआप लागू होत नाही. नोंद १० वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. अर्जापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहणे फुकट आहे. माझ्या गटाचे पाच हजार पाऊच त्या अर्ध्या तासाच्या शोधाने वाचले असते.

मालाचे वर्णन करणारा शब्द बहुधा मिळत नाही. 'गोड संत्रा', 'ताजा रस' अशी नावे एकट्याला का द्यावीत? नुसते गावाचे नावही तसेच अवघड. देवधर्माच्या नावांचे म्हणाल तर 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी आपल्या एकट्याचे व्हावे म्हणून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितले की धर्मग्रंथाच्या नावावर असा एकाधिकार कोणाला मागता येत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र तर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याखाली केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्याला वापरताच येत नाही. आदराने ठेवले होते, हे उत्तर तिथे चालत नाही.

नोंद होईपर्यंत नावापुढे इंग्रजी 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंद झाल्यावरच, आधी छापला तर दंडाला पात्र व्हाल. आणि पहिल्या दिवसापासून त्या नावाची बिले फाईलला लावून ठेवा. आधीपासून नाव वापरत असल्याचा पुरावा असेल तर नंतर नोंदणाऱ्याला तुम्हाला सहज हटवता येत नाही. आपले शेतकरी नेमके बिलच ठेवत नाहीत, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

नाव कसे असावे? मी एकच परीक्षा सांगतो. दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या व्यापाऱ्याला फोन लावा, नाव एकदाच सांगा, आणि त्याला ते लिहून पाठवायला सांगा. त्याने बरोबर लिहिले तर नाव पास. 'ळ' असलेले नाव हिंदी मुलखात 'ल' होते, 'वऱ्हाड'चे तर काय काय होते ते विचारू नका. तीन-चार अक्षरांचे, एका दमात येणारे नाव बरे. शेंदरी रंग, संत्र्याची फोड, सातपुडा, घाट यांतून शब्द शोधा, दोन शब्द जोडा, अक्षर बदला. पोराचे नाव ठेवायलाही हरकत नाही. निरमा पावडरचे नाव मालकाच्या निरुपमा नावाच्या मुलीवरूनच आले आहे. आणि नाव ठेवले की ते प्रत्येक कलमेच्या चिठ्ठीवर, प्रत्येक पेटीवर, प्रत्येक बिलावर एकाच पद्धतीने लिहा. हलका माल निघाला तर तो बिननावाने विका. नाही तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

त्या महिला गटाने नंतर डब्यात चिठ्ठ्या टाकून नवे नाव काढले. सत्तावीस नावे आली, त्यातली एकोणीस शोधातच बाद झाली. उरलेल्या आठांतून एक निवडून अर्ज केला आहे. बक्षीस गटातल्या सर्वात धाकट्या सुनेला मिळाले. पाऊच अजून छापलेले नाहीत. बाटल्यांवर हाताने चिठ्ठ्या चिकटवून माल चालू आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही. अर्ज मान्य झाल्यावर नाव ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून येते, आणि त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. आमचे नाव अजून छापून यायचे आहे.