गाडी अडवणे : हक्क की गुन्हा?

सकाळचे साडेसात वाजले होते. वडिलांना डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचे होते. आठवड्यातून दोन वेळा आमची ही फेरी ठरलेली. भाड्याची गाडी महामार्गावरच्या चौकात पोचली आणि थांबली. रस्त्यावर टायर जळत होते, पन्नाससाठ माणसे ठाण मांडून बसली होती. मी खाली उतरून हात जोडले, "पेशंट आहे, तेवढी एक गाडी सोडा." त्यांच्यातला एक तरुण खिडकीशी वाकला आणि अगदी नम्रपणे वडिलांना म्हणाला, "काका, तुमच्यासाठीच तर बसलोय आम्ही!"

तो खोटे बोलत नव्हता. त्या चौकात दरवर्षी माणसे मरतात. तिथे उड्डाणपूल व्हावा, ही मागणी माझीही होती. पण मागे ट्रकची रांग लागल्याने आम्हाला परतही फिरता येईना. पावणेतीन तासांनी रस्ता मोकळा झाला, तेव्हा रुग्णालयातले मशीन दुसऱ्या रुग्णाला लावले गेले होते. वडिलांचा नंबर रात्री लागला. तोवर त्यांचे पाय सुजले होते, धाप लागत होती.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जात नाही. आंदोलनात दुसऱ्याची गाडी अडवणे हा गुन्हा मानावा की नाही?

कायदा काय म्हणतो?

पुष्कळांना वाटते की रास्ता रोको हा आपला हक्कच आहे. वास्तविक तसे नाही. ज्या दिशेने जाण्याचा एखाद्याला हक्क आहे, त्या दिशेने जाण्यापासून त्याला मुद्दाम अडवणे हा इंग्रजांच्या काळापासून गुन्हा आहे. भारतीय दंडविधानाच्या कलम ३४१ नुसार त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम १२६ झाले. कैद तेवढीच राहिली, दंड ५,००० रुपयांपर्यंत गेला. सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल पूर्वी २०० रुपयांपर्यंत दंड होता, तोही आता ५,००० पर्यंत आहे. माणसाला चारी बाजूंनी घेरून कुठेच जाऊ दिले नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्रीय महामार्गाची नासधूस करून तो वाहतुकीस निकामी केला, तर पाच वर्षांपर्यंत.

म्हणजे गाडी अडवणे हा गुन्हा आहेच. मग तो गुन्हा वाटत का नाही? कारण बहुतेक वेळा पोलीस आंदोलकांना गाडीत बसवून नेतात आणि संध्याकाळी सोडून देतात. गुन्हा नोंदला गेलाच, तरी राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे आदेश सरकारच वेळोवेळी काढते.

गंमत पाहा. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो. तीच रुग्णवाहिका जमावाने तासभर रोखली, तर किती जणांना शिक्षा झाल्याचे तुमच्या ऐकिवात आहे?

दोन्ही हक्क घटनेनेच दिलेले

घटनेच्या १९ व्या कलमाने शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्याच कलमाने देशभर मोकळेपणाने फिरण्याचाही हक्क दिला आहे. हे दोन हक्क चौकात समोरासमोर येतात, तेव्हा भांडण सुरू होते.

न्यायालयांनी हे भांडण वेळोवेळी सोडवले आहे. बंगालमध्ये १९६७ साली घेरावांची लाट आली होती. घेरावात पोलिसांनी लगेच पडू नये, असा सरकारचा पवित्रा होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. १९९७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सक्तीचा बंद बेकायदा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. दिल्लीच्या शाहीनबागप्रकरणी ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही.

बाबू गेनूचे नाव घेताना

यावर आंदोलकांचे उत्तर तयार असते, "बाबू गेनूनेही गाडीच अडवली होती!"

खरे आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू त्याखाली चिरडला गेला. पण त्याने अडवला तो ज्या मालाला विरोध होता त्याच मालाचा ट्रक. कोणा आजाऱ्याचा टांगा नव्हे. आणि त्याची किंमत त्याने स्वतः मोजली. त्या काळचा सत्याग्रही कायदा मोडत असे आणि शिक्षाही स्वीकारत असे. आज कायदा मोडायचा आम्ही आणि शिक्षा भोगायची रस्त्यावरच्या तिऱ्हाइताने, असा प्रकार झाला आहे.

तरीही आंदोलकांची एक बाजू मान्य करावीच लागेल. १९८० मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली कांदा उत्पादक चाकणला पुणे-नाशिक रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे शेतमालाच्या भावाचा प्रश्न शहरांच्या कानावर गेला. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मराठा आरक्षणासाठी हजारो लोक मुंबईत आले, आझाद मैदानाभोवतालचे रस्ते तुंबले आणि १ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने ते मोकळे करण्यास बजावले. दुसऱ्याच दिवशी सरकारने शासन निर्णय काढला. वर्षानुवर्षे दिलेली निवेदने टेबलावर धूळ खातात आणि चक्का जाम होताच अधिकारी धावत येतात. मग लोक रस्त्यावर बसायला सरकारकडूनच शिकले, असे का म्हणू नये?

शिवाय रस्ता अडवणारे दर वेळी आंदोलकच असतात असे नाही. पंजाब-हरियाणा सीमेवर शंभू येथे शेतकऱ्यांची दिल्लीकडची वाट रोखण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी यंत्रणेनेच महामार्गावर भिंती उभ्या केल्या. तो रस्ता मार्च २०२५ मध्ये खुला झाला. मंत्र्यांच्या ताफ्यासाठी चौक रोखले जातात, तेव्हाही गाडीतला रुग्ण रुग्णच असतो.

मग शिक्षा किती?

ब्रिटनने अलीकडे हे कायदे फार कडक केले. लंडनभोवतीचा एम-२५ हा रस्ता बंद पाडण्याच्या कटासाठी २०२४ मध्ये पाच पर्यावरणवाद्यांना चार ते पाच वर्षांची कैद झाली. अपिलात ती थोडी कमी झाली. आपल्याकडे असे व्हावे, असे मला वाटत नाही. कडक कायदा हाती आला की तो आधी वापरला जातो तो दुबळ्यांवर. पाणी मागणाऱ्या बायका तुरुंगात जातील आणि पुढारी जामिनावर हार घालून घेतील.

नवा कायदा नको. आहे त्यातच फरक करायला हवा. आगाऊ सूचना देऊन, ठरावीक वेळ, एक बाजू मोकळी ठेवून शांतपणे बसलेल्यांना दंड पुरे. पण गाडी घेरणे, किल्ली काढून घेणे, काचेवर काठ्या मारणे, आतल्या माणसाला धमकावणे याला निषेध म्हणता येत नाही. तिथे खटला चालला पाहिजे आणि तो कोणत्याही सरकारला मागे घेता येऊ नये. रुग्ण अडवणाऱ्याला तर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकापेक्षा कमी शिक्षा असूच नये.

आणि सरकारनेही आपले कर्तव्य करावे. मोर्चासाठी जागा गावाबाहेर न देता, आवाज ऐकू जाईल अशी द्यावी. निवेदनाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. उत्तर मिळत असेल तर टायर कोण जाळील?

तुमची गाडी अडवली गेली तर

गाडी जमावात घुसवू नका. एका माणसाला जरी धक्का लागला, तरी गुन्हेगार तुम्ही ठराल आणि जमावही बिथरेल. हुज्जत घालू नका. जमावाचा म्होरक्या कोण आहे ते पाहून त्याच्याशी एकट्यानेच बोला. रुग्ण, गर्भवती किंवा परीक्षार्थी सोबत असेल तर कागदपत्रे दाखवा. ११२ वर फोन करून जागा आणि वेळ नोंदवा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. पुढे तक्रार करायची असेल, तर ही नोंद उपयोगी पडते.

आमच्या त्या चौकात उड्डाणपूल अजून झालेला नाही. पुन्हा तिथे आंदोलन ठरले तर मीही जाईन, वडिलांनाही ते मान्य आहे. मात्र त्यांची एक अट आहे. रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवायची, आणि तिथे कोणीतरी सतत उभे राहून आजाऱ्यांच्या गाड्या पुढे काढायच्या. ते काम त्यांनी माझ्यावरच सोपवले आहे.