शंखपुष्पी : नाव एक, वनस्पती चार

श्रावण सरता सरता दख्खनच्या पठारावरील माळरानांत गवताच्या बुडाशी निळे ठिपके दिसू लागतात. फूल करंगळीच्या नखाएवढे. सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटूनही जाते. हीच विष्णुक्रांता. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि भरपूर ऊन एवढीच तिची अपेक्षा असते. काष्ठमय मुळापासून निघालेल्या तिच्या सडपातळ फांद्या जमिनीलगत चहूकडे पसरतात. लहान, लांबट पानांवर रेशमी लव असते व त्यामुळे झुडुपाला राखाडी झाक येते. फळ म्हणजे इवलेसे बोंड. त्यात बहुधा चार बिया असतात.

रताळे ज्या कुळात मोडते त्याच कुळातील ही वनस्पती. प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये तिची गणना ‘कॉन्व्हॉल्व्ह्युलस’ या प्रजातीत केली होती. पुढे १७६२ मध्ये त्यानेच तिला वेगळे काढून ‘इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस’ हे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ विळखा घालणारी, तर दुसऱ्याचा उलगडलेली. कोणत्याही आधाराला विळखा न घालता मोकळी पसरणाऱ्या या वनस्पतीला दुसरे नाव शोभून दिसते.

काष्ठौषधींच्या पेठेत मात्र ही विष्णुक्रांता पुष्कळदा ‘शंखपुष्पी’ म्हणून विकली जाते, आणि तेथेच खरा प्रश्न उभा राहतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धी व स्मृती वाढविणारी चार मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांतही शंखपुष्पीला विशेष मान आहे. परंतु शंखासारखे फूल असलेली, एवढेच नाव सांगते. तशी फुले अनेक वनस्पतींना येतात. त्यामुळे प्रत्येक प्रांताने आपापली शंखपुष्पी निश्चित केली. राजस्थान, गुजरात व उत्तर भारतात रेताड जमिनीवर वाढणारी, पांढरट-गुलाबी फुलांची ‘कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रॉस्ट्रेटस’ ही शंखपुष्पी मानली जाते. केरळात गोकर्णाला ते नाव मिळाले, तर बंगालकडे किराइताच्या कुळातील ‘कॅन्स्कोरा’ या वनस्पतीला. भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशाने यांपैकी पहिली, राजस्थान-गुजरातकडील वनस्पती ‘कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस’ या तिच्या जुन्या नावाने शंखपुष्पी म्हणून स्वीकारली आहे.

या चौघींची घडण व रासायनिक घटक सारखे नाहीत. म्हणून एकीचा गुण दुसरीच्या खात्यावर जमा करता येत नाही. विष्णुक्रांतेचा काढा ज्वरात देण्याची, तिच्या पानांचा धूर दम्यात घेण्याची आणि तिचे तेल केसांना लावण्याची प्रथा लोकवैद्यकात आहे. शंखपुष्पी निद्रानाश, अस्वस्थता व विस्मरण यांवर दिली जाते. दोहोंच्या अर्कांनी स्मरणशक्ती सुधारल्याचे प्रयोग मुख्यतः उंदीर व घुशींसारख्या प्राण्यांवर झाले आहेत. परीक्षेच्या दिवसांत घरोघरी आणल्या जाणाऱ्या बाटल्यांकडे पाहताना एवढे भान असावे.

एक धोका विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. फेफऱ्यावर फेनिटॉइन हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांचे झटके शंखपुष्पीचे सरबत सुरू केल्यावर पुन्हा उद्भवले, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात नोंदले गेले. प्राण्यांवरील प्रयोगात ते सरबत वारंवार दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटलेले आढळले. सरबतात इतरही वनौषधी होत्या, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे त्यावरून ठरत नाही. तथापि फेफऱ्याचे औषध चालू असलेल्या मुलाला ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ अशा समजुतीने असे सरबत देणे घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊच नये.

माल अखंड असेल तर ओळख पटविणे फार अवघड नाही. सुके फूल पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहावे. विष्णुक्रांतेच्या फुलात दोन परागवाहिन्या असतात व प्रत्येकीला दोन फाटे फुटतात. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये परागवाहिनी एकच असून तिच्या टोकाला दोन फाटे असतात. गोकर्णाचे पान पाच-सात पर्णिकांचे आणि फळ चपट्या शेंगेचे. कॅन्स्कोराचे खोड चौकोनी व पंखयुक्त असते. चूर्ण झाल्यावर या साऱ्या खुणा पुसल्या जातात आणि मग सूक्ष्मदर्शक किंवा प्रयोगशाळेतील तपासणीवाचून गत्यंतर नसते. म्हणून खरेदी शक्यतो अखंड मालाची करावी.

प्रांतागणिक वेगळी वनस्पती वापरणे ही परंपरा आहे, फसवणूक नव्हे. परंतु ग्राहकाला न सांगता एकीच्या जागी दुसरी देणे ही फसवणूकच होय. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल मालाच्या नावाने त्यासारखा दुसरा माल देणे, स्पष्टपणे गणले आहे. बिलावर व पुड्यावर शंखपुष्पी या शब्दापुढे वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहिले, तर वैद्याला जे हवे तेच रुग्णापर्यंत पोहोचेल. या वनस्पतींचे पंचांग, म्हणजे मुळासकट सर्व अंगे, औषधात घेतात. त्यामुळे उपटलेले प्रत्येक रोप माळावरून कायमचे जाते. बोंडे पिकून बी झडल्यानंतरच गोळा केलेला माल घेण्याचा आग्रह व्यापाऱ्याने धरला, तर पुढच्या श्रावणातही गवताच्या बुडाशी निळी फुले उमलतील.