बांधावरची सावधानता

आत्मसंरक्षण म्हटले की लाठी, कराटे किंवा मनगटातील बळ डोळ्यांसमोर येते. परंतु अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागातील अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी या तालुक्यांत शेतकऱ्याला ज्या बिबट्यापासून जीव जपावा लागतो, त्याच्यापुढे या बळाचा फारसा उपयोग होत नाही. बिबट्या हा दबा धरून, अगदी जवळून आणि बहुधा पाठीमागून झडप घालणारा शिकारी असल्याने झडप पडल्यानंतर माणसाच्या हाती काही क्षणच उरतात. त्यामुळे या पट्ट्यातील माणसाची सुरक्षितता त्या क्षणाच्या कितीतरी आधी, त्याच्या रोजच्या सवयींत ठरलेली असते.

प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेला ऊस शेतात वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ उभा असतो आणि त्याच्या दाट फडात बिबट्याला आडोसा, पाणी व पिलांसाठी सुरक्षित जागा मिळते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेले संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या या शेतीप्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे असल्याचे त्यातून दिसले. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला, तेव्हा वजनाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव प्राण्यांचे निघाले. त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता, तर कुत्र्यांच्या सातपट संख्येने असलेल्या शेळ्यांचा अवघा ११ टक्के, कारण शेळी रात्री गोठ्यात बांधली जाते आणि कुत्रे उकिरड्याभोवती मोकळे फिरते. ज्याची राखण होते ते वाचते, ही गोष्ट या आकड्यांतून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच कुठल्या उपदेशातून होत असेल.

बिबट्या दिसला की त्याला पकडून दूर नेऊन सोडावे, ही मागणी भीतीपोटी येते आणि ती समजण्यासारखी आहे. मात्र तिचा परिणाम उलटा होऊ शकतो. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी सतरापर्यंत गेली. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले असता तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या दिशेने गेला. सोडल्या जागी हा प्राणी राहत नाही आणि मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, म्हणून माणसाला स्वतःच्या सावधपणावर विसंबणे भागच आहे.

या सावधपणाचे शास्त्र काय सांगते? जेफ कूपर या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने १९७० च्या दशकात मनाच्या चार अवस्थांना रंगांची नावे दिली: पांढरी म्हणजे बेसावध, पिवळी म्हणजे शांत पण जागरूक, नारिंगी म्हणजे विशिष्ट धोक्याकडे लक्ष वळलेली आणि लाल म्हणजे कृतीला सिद्ध. पांढऱ्या अवस्थेतून माणूस एकदम धोक्यात सापडला, की मेंदूच्या खोल भागातील अमिग्डाला ही बदामाच्या आकाराची गाठ भयाची सूचना देते, मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, नजर आक्रसते आणि कित्येकदा शरीर जागीच थिजते. अशा वेळी विचारपूर्वक निर्णय घेणे अवघड होते व शरीर आधी घोटलेलीच कृती करते. म्हणून बिबट्या समोर आल्यास पळायचे नाही, वाकायचे नाही, हात उंचावून मोठ्याने ओरडत, पाठ न दाखवता सावकाश मागे सरायचे, हे घरात बसून, मुलांसह ठरवून आणि प्रत्यक्ष करून ठेवावे लागते. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा मार्जारकुळाचा स्वभाव आहे, तर उभा माणूस हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य नव्हे.

रात्री उसाला पाणी देताना दारे धरणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहिले, तर धोका कोठे आहे हे नेमके कळते. सरीत माती ओढण्यासाठी तो वाकतो किंवा उकिडवा बसतो, तेव्हा त्याची उंची एखाद्या जनावराइतकी भासते. पाटातील पाण्याच्या आवाजात पाचटाची सळसळ हरवते. आणि विजेरीचा झोत पायांपाशी पडलेला असतो. त्यातच मोबाइलचा पडदा पाहिला, की डोळ्यातील शलाका पेशींमधील, अंधुक प्रकाशात दृष्टी देणारे ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य विघटित होते आणि अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना पुन्हा वीस ते तीस मिनिटे लागतात. बिबट्याच्या दृष्टिपटलामागे मात्र प्रकाश परतवणारा थर असल्याने अत्यल्प उजेडही त्याला दुप्पट उपयोगी पडतो. म्हणून जोडीने जाणे, मोठ्याने बोलत किंवा गाणी लावून जाणे, दर थोड्या वेळाने ताठ उभे राहून झोत फडाच्या कडेवर फिरवणे या साध्या सवयी लाखमोलाच्या आहेत, कारण चाहूल लागलेला बिबट्या बहुधा स्वतःच बाजूला होतो.

या सवयींची सगळी जबाबदारी एकट्या माणसावर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. शेतीची वीज रात्री येते म्हणून शेतकरी रात्री बांधावर जातो, त्याला साहसाची हौस नसते. दिवसा सौरवीज देणाऱ्या २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत झाला, ही त्या दृष्टीने सुरक्षिततेचीही गोष्ट आहे. ऊसतोड मजुरांची स्थिती याहून कठीण आहे, कारण पाचटाच्या कोपीला दार नसते, शौचाला उघड्यावर, अंधारात जावे लागते आणि पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात शिरतात तेव्हा तान्हे मूल बांधावर निजवलेले असते. या आईला सावध राहा असे सांगून काहीही साधत नाही, तिचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. साखर कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वीच कोप्यांच्या तळावर दिवे, शौचालये आणि मुलांसाठी भिंती व दार असलेली एक खोली उभी करावी, आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक तेथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.