ब्रेडाच्या बाजारात इंकांची कोठारं

नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात, ग्रोटे मार्क्ट चौकात, मंगळवारचा बाजार भरला आहे. चीज, फुलं, मासळी, कापडाचे तागे सगळं ओलांडून आत्या थेट बटाट्याच्या गाळ्यापुढे येऊन थांबली आहे आणि आता तिथून हलायला तयार नाही.

लाकडी खोक्यांत जाती वेगवेगळ्या मांडल्या आहेत. कुठला शिजल्यावर भुसभुशीत होतो, कुठला घट्ट राहतो, ते पाट्यांवर लिहिलं आहे. आत्या ‘बिंत्ये’ जातीचा एक बटाटा उचलते, सालीवर अंगठा दाबून घासते. साल सुटत नाही. ती बटाटा उलटा करून डोळे बघते, नखानं माती खरवडते, वास घेते.

“पक्का झालाय. पाला वाळू दिलाय, मगच काढलाय,” ती म्हणते.

गाळ्यावरच्या बाई तिच्या अंगठ्याकडे बघत असतात. त्यांना शब्द कळत नाहीत, पण हात ओळखीचा वाटतो. त्या दुसऱ्या खोक्यातला एक बटाटा काढून आत्याच्या तळहातावर ठेवतात. आत्या आंबेगाव तालुक्यातली, सातगाव पठारावरची. पावसावर बटाटा लावण्यात तिचं आयुष्य गेलं. मुलाकडे आली आहे खरी, पण तिचा जीव शेतातच आहे.

“हा इथलाच का गं?”

“ही जात इथली, आत्या. फ्रीसलँडमधल्या एका शाळामास्तरांनी काढली, शंभराहून जास्त वर्षं झाली. आपल्या विद्यार्थिनीचं नाव दिलं त्यांनी तिला. पण बटाटा मुळात पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. अँडीज पर्वतातला. तिथं इंकांचं राज्य होतं.”

“किती उंच?”

“तीन-साडेतीन हजार मीटर, वर चार हजारांपर्यंतसुद्धा शेती.”

आत्या बाजूच्या चर्चच्या मनोऱ्याकडे बघते. ग्रोटे केर्कचा मनोरा 97 मीटर उंच आहे. असे चाळीस एकावर एक, असं मी म्हणते. ती बटाटा खाली ठेवते आणि शेतकऱ्याचा प्रश्न विचारते: “पिकवला असेल. ठेवायचे कुठं?”

इंका म्हटलं की लोक सोनं विचारतात, माचू पिचू विचारतात. मला ती संस्कृती सगळ्यात मोठी वाटते ती आत्याच्या या प्रश्नापाशी. आम्ही बाजूच्या बाकावर बसतो आणि मी सांगू लागते.

बटाटा इंकांनी शोधला नाही. तितिकाका सरोवराच्या परिसरातल्या लोकांनी तो हजारो वर्षं आधीच माणसाळवला होता. इंकांचं साम्राज्य तर जेमतेम शंभर वर्षांचं, साधारण 1438 पासून 1532 पर्यंत. पण तेवढ्या काळात त्यांनी डोंगरउतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं वाढवली, हजारो किलोमीटरचे रस्ते जोडले आणि त्या रस्त्यांच्या कडेनं कोठारं बांधली. ‘कोल्का’ म्हणतात त्यांना. वानुको पाम्पा या एकाच ठिकाणी डोंगराच्या उतारावर ओळीनं जवळपास पाचशे कोठारं सापडली आहेत. वारा लागावा म्हणून उतारावर, तळाशी दगड रचून खालून हवा खेळती ठेवलेली, पाणी निघून जायला चर. तिथली गोल कोठारं बहुतेक मक्याची आणि चौकोनी कंदांची असावीत, असं अभ्यासक मानतात.

“आरण,” आत्या म्हणते. “बटाटा साठवायची आमची आरण अशीच असती. झाडाच्या सावलीत, वारा लागंल अशी. खाली पाणी साचलं की संपलं.”

“आणि बटाट्यात मुन्या नावाचा पाला घालायचे. उग्र वासाचा, पुदिन्याच्या कुळातला. कोंब येत नाहीत, किडा लागत नाही. अजूनही घालतात.”

आत्या मान हलवते. तिला यात नवल वाटत नाही, बरोबर वाटतं. नवल तिला चुन्योचं, वाळवून ठेवलेल्या बटाट्यांचं, वाटतं. बटाटे रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत उघड्यावर पसरायचे, गोठू द्यायचे. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, पुन्हा पसरायचे. काही दिवसांत हलके, दगडासारखे खडखडीत कंद उरतात. ते वर्षानुवर्षं टिकतात. त्याच कंदांवर दुष्काळ निघायचे, फौजा चालायच्या, रस्ते बांधणाऱ्यांची जेवणं व्हायची.

हिशोब मात्र कागदावर नव्हता. लिपीच नव्हती. दोऱ्यांना गाठी मारून आकडे ठेवायचे: गाठीचा प्रकार आणि दोरीवरची तिची जागा यावरून एकक, दशक, शतक. त्याला किपू म्हणतात. पेरूच्या किनाऱ्याजवळ इंकावासी इथल्या कोठारांच्या उत्खननात मिरच्या, शेंगदाणे आणि घेवड्याच्या जोडीनंच किपू निघाले.

मनोऱ्यातल्या घंटा वाजू लागतात. आत्याला चर्च बघायचं आहे, म्हणून आम्ही आत जातो.

आत गारवा आहे. नासाऊ घराण्याच्या प्रिन्सेनकापेलमध्ये एंगेलब्रेख्त दुसरा आणि त्याची पत्नी यांची समाधी आहे: चार गुडघे टेकलेले योद्धे खांद्यावर दगडी फळी पेलून बसलेत आणि फळीवर मृत सरदाराचं चिलखत. आत्या त्या योद्ध्यांच्या गुडघ्यांकडे बघते. मी वर बघते. छतावरची चित्रं बोलोन्याच्या तोमासो विन्सिडोरनं रंगवली, 1533 साली.

इंकांचा राजा मारला गेला तेच हे साल. 16 नोव्हेंबर 1532 ला काहामार्का गावात स्पॅनिश सरदार पिझारोच्या दीडेकशे माणसांनी इंका राजा आताहुआल्पाला पकडलं. सुटकेसाठी त्यानं एक खोली सोन्यानं आणि त्याहून दुप्पट चांदीनं भरून देण्याचं कबूल केलं, आणि दिली. तरी 1533 च्या जुलैत त्याला मारलं. सोन्याची भांडी, मूर्ती, मंदिरांचे पत्रे, बहुतेक सगळं वितळवलं गेलं. पाचवा हिस्सा सम्राट पाचव्या चार्ल्सचा. या चॅपेलचा मालक, ब्रेडाचा हेंड्रिक तिसरा, त्याच चार्ल्सच्या दरबारातला बडा अधिकारी. ब्रेडाच्या छताला निळा-सोनेरी रंग चढत होता त्याच वर्षी तिकडे सोनारांच्या मुशी पेटल्या होत्या. हे दोन्ही एकाच सम्राटाच्या छायेत घडत होतं, हे या छताखाली उभं राहिल्यावर अंगावर येतं.

पुढे 1545 मध्ये पोटोसीचा चांदीचा डोंगर सापडला. इंकांकडे पाळीपाळीनं राज्याचं काम करण्याची पद्धत होती, मिता. स्पॅनिशांनी ती खाणीत माणसं ढकलायला वापरली. नेदरलँड्समधल्या स्पॅनिश फौजेचा पगार कॅस्टिलच्या करांतून आणि अमेरिकेतल्या चांदीतून निघायचा. 1624 च्या ऑगस्टपासून सेनापती स्पिनोलानं ब्रेडाला वेढा दिला तो याच फौजेनिशी. त्यानं तटावर चढाई केली नाही, शहराची उपासमार केली. 1625 च्या जूनमध्ये शहर शरण आलं. वेलाझकेझनं रंगवलेला किल्ल्या देण्याचा प्रसंग माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे.

ज्या लोकांनी भुकेविरुद्ध कोठारं बांधली, त्यांच्या डोंगरातली चांदी इथं माणसांना उपाशी मारायला कामी आली. याचा मला राग येतो.

“म्हणजे ते देवमाणसं होते?” आत्या बाहेर येताना विचारते.

नव्हते. जिंकलेली गावंच्या गावं उठवून ते दुसरीकडे वसवायचे, श्रम सक्तीचे होते. वांका जमात तर इंकांवरच्या रागानं स्पॅनिशांना मिळाली. पण त्याच वांकांची गोष्ट मला कधी विसरता येत नाही. त्यांनी हाउहाच्या कोठारांतून स्पॅनिशांना वर्षानुवर्षं रसद पुरवली: मका, बटाटे, लामा, कापड. आणि 1550 च्या दशकाच्या अखेरीस लिमाच्या न्यायालयात त्यांनी हिशोब मांडला, किपूच्या गाठी वाचून. काय दिलं, काय लुटलं, 1533 पासूनचं. राज्य बुडालं होतं, राजा मेला होता, हिशोबनिसांनी गाठी सोडल्या नव्हत्या.

आत्या पुन्हा गाळ्यापाशी वळते. दोन किलो बिंत्ये मोजून घेते. बियाण्याचा विषय तिला आता आठवला आहे. दरवर्षी पंजाबातून ट्रकनं बियाणं येतं, पुखराज, त्याचा भाव दुसरेच ठरवतात. “तिथले लोक बी कुठनं आणतात?”

“स्वतःचं ठेवतात. कुस्कोजवळ पिसाकला केचुआ लोकांच्या गावांनी मिळून हजाराहून जास्त जाती राखल्यात. एका शेतात वीस-वीस, तीस-तीस जाती मिसळून लावतात. लाल, जांभळ्या, वाकड्या, गाठीगाठीच्या.”

आत्या पिशवी खाली ठेवते. चालता चालता थांबून विचार करायची तिची सवय आहे.

“मग करपा आला तरी सगळं शेत जात नसंल,” ती म्हणते.

1845 मध्ये याच्या उलट घडलं, मी सांगते. करपा बेल्जियम, नेदरलँड्स करत आयर्लंडपर्यंत गेला, आणि तिकडे मोजक्याच जातींवर भिस्त असल्यामुळे लाखो माणसं मेली.

“एकाच जातीवर बसायचंच नाही,” आत्या म्हणते. “पुढच्या साली मी दोन वाफे वेगळे ठेवणार आहे. तू मला त्या पिसाकवाल्यांची लावणी कशी असती ते नीट विचारून सांग. सरी किती फुटांची, आणि दोन जातींत अंतर ठेवतात का नाही.”