बोलोन्या : कमानींच्या सावलीतले शहर

इटली म्हटले की रोम, व्हेनिस आणि फ्लोरेन्स ही नावे चटकन ओठांवर येतात. फ्लोरेन्सच्या उत्तरेला, अ‍ॅपेनाइन पर्वताच्या पायथ्याशी वसलेले बोलोन्या मात्र अनेकांच्या प्रवासात केवळ गाडी बदलण्याचे स्थानक ठरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील गारिसेंदा हा मध्ययुगीन मनोरा धोकादायक ठरवून त्याभोवतीचा परिसर बंद करण्यात आला, तेव्हा जगाचे लक्ष या शहराकडे वळले.

बाराव्या शतकात बोलोन्यातील धनाढ्य घराणी आपले सामर्थ्य दाखविण्यासाठी आणि संरक्षणासाठी उंच मनोरे बांधीत. त्यांपैकी विसेक आज शिल्लक आहेत. सर्वांत उंच आसिनेल्ली सुमारे ९७ मीटरचा असून त्याला ४९८ लाकडी पायऱ्या आहेत. शेजारचा गारिसेंदा जमीन खचल्याने आरंभापासूनच कलला. कोसळण्याच्या भीतीने चौदाव्या शतकात त्याचा माथा उतरविण्यात आला आणि साठ मीटरचा मनोरा ४८ मीटरवर आला. महाकवी दांतेने ‘इन्फर्नो’मध्ये वाकणाऱ्या राक्षसाला याच मनोऱ्याची उपमा दिली आहे. त्याच्या पायथ्याचा सेलेनाइट हा जिप्समचा दगड ठिसूळ आहे. ओलाव्याने तो झिजतो आणि वरचा सारा भार त्यावरच आहे. पिसाच्या मनोऱ्याला सावरताना वापरलेली यंत्रणाच येथे आणण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. एकूण खर्चाचा अंदाज सुमारे दोन कोटी युरोंचा आहे.

ओसऱ्यांचे शहर

मनोरे श्रीमंतांचे, तर कमानींच्या ओसऱ्या साऱ्या गावाच्या. येथील विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ मध्ये मानली जाते. विद्यार्थ्यांचे लोंढे आले, जागा अपुरी पडू लागली. तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खांबांचा आधार दिला. ही अतिक्रमणे पाडण्याऐवजी नगरसभेने १२८८ मध्ये नव्या घरांना अशी ओसरी सक्तीची केली. जागा घरमालकाची, वाट मात्र सर्वांची! घोडेस्वाराला खालून जाता यावे इतकी उंचीही ठरवून दिली. आज या ओसऱ्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांतील सर्वांत लांब ओसरी ६६६ कमानींची असून ती सुमारे पावणेचार किलोमीटर चढत टेकडीवरील सान लुका देवालयापर्यंत जाते. भर पावसातही येथे छत्रीवाचून फिरता येते.

अपूर्णतेचे सौंदर्य

मुख्य चौकातील सान पेत्रोनिओ या चर्चचे बांधकाम १३९० मध्ये सुरू झाले, पण दर्शनी भाग कधी पुरा झालाच नाही. खाली संगमरवर आणि वर उघड्या विटा असे त्याचे रूप आहे. १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनी याने येथील फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आखली. छतातील छिद्रातून येणारा सूर्यबिंबाचा ठिपका दुपारी तिला ओलांडतो. धर्मस्थळच वेधशाळा झाल्याचे असे उदाहरण विरळाच. सान दोमेनिको चर्चमध्ये तरुण मायकेलअँजेलोने १४९४-९५ च्या सुमारास घडविलेल्या तीन छोट्या मूर्ती आहेत. जुन्या विद्यापीठाच्या इमारतीतील लाकडी शवविच्छेदनगृह १९४४ च्या बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्यातून वेचलेल्या तुकड्यांच्या साह्याने ते पुन्हा उभारण्यात आले.

ताटातील बोलोन्या

विटांच्या रंगावरून ‘लाल’, विद्यापीठामुळे ‘विदुषी’ आणि खाद्यसंस्कृतीमुळे ‘गुबगुबीत’ अशी तीन विशेषणे या शहराला मिळाली आहेत. जगभर मिळणारी ‘स्पॅगेटी बोलोनीज’ मात्र येथील पाककृती नव्हे. मांसाचा मंद आचेवर शिजविलेला ‘रागू’ येथे अंड्यात भिजविलेल्या कणकेच्या ताल्यातेल्ले या रुंद पट्ट्यांसोबतच खातात. शिजल्यावर पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर असावी, अशी नोंद १९७२ मध्ये तेथील व्यापारी मंडळाकडे करण्यात आली. रागूची पाककृतीही १९८२ मध्ये नोंदविली गेली. मांसरसातील तोर्तेल्लिनी आणि डुकराच्या मांसाचा मोर्तादेल्ला हेही येथलेच. शाकाहारी प्रवाशाने रिकोत्ता चीज भरलेले तोर्तेल्लोनी मागावेत. ते लोणी आणि सेज या पाल्यासह वाढतात.

जोडीला जवळच्या टेकड्यांवरील पिन्योलेत्तो ही शुभ्र वाइन किंवा मोदेनाकडील फेसाळती लाल लाम्ब्रुस्को असते. बाजारगल्लीतील ‘ओस्तेरिया देल सोले’ १४६५ पासूनचे मानले जाते. तेथे केवळ पेय मिळते, खाणे आपण बरोबर न्यायचे.

या लौकिकाची दुसरी बाजूही आहे. पर्यटक वाढले तशी जुन्या बाजारात भाजी-मासळीच्या दुकानांची जागा खाद्यगृहे घेऊ लागली आणि विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या खोल्या दुर्मीळ होऊ लागल्या, अशी रहिवाशांची तक्रार आहे. सातशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी घरे रस्त्यावर पुढे आली आणि त्यातून या ओसऱ्या घडल्या. गारिसेंदाला सावरण्याचे तंत्र अभियंत्यांजवळ आहे. विद्यार्थ्यांसाठी पुन्हा जागा करण्याचे काम मात्र नगरवासीयांनाच करावे लागेल.