विश्लेषण : मुंबईत बांधलेली २०० वर्षांपूर्वीची युद्धनौका अजून तरंगते कशी?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात तीन डोलकाठ्यांची एक लाकडी युद्धनौका उभी आहे. नाव ‘एचएमएस ट्रिंकोमाली’. ब्रिटनमध्ये आजही पाण्यावर तरंगणारी ही सर्वांत जुनी युद्धनौका. मात्र ती इंग्लंडमध्ये नव्हे, तर मुंबईच्या गोदीत घडली. विशेष म्हणजे, एकही मोठी लढाई तिच्या नावावर नाही. तरीही ती का टिकली आणि मुंबईशी तिचे नाते काय?

नौका मुंबईत का बांधली गेली?

नेपोलियनविरुद्धच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये जहाजांसाठी लागणाऱ्या ओक लाकडाची टंचाई झाली होती. मलबारच्या जंगलांत उत्तम सागवान होते आणि मुंबईच्या गोदीत ते जहाजात उतरवणारे कुशल हात. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांपासून या पारशी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या येथे जहाजबांधणी केली. ‘ट्रिंकोमाली’चे काम जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली झाले. एप्रिल १८१६ मध्ये पारशी प्रथेप्रमाणे तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकून कामाला सुरुवात झाली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौकेचे जलावतरण झाले. श्रीलंकेतील त्रिंकोमालीजवळ १७८२ मध्ये झालेल्या सागरी लढाईवरून तिचे नाव ठेवण्यात आले.

आराखडा कोणाचा होता?

३८ तोफांची ही नौका ‘लेडा’ वर्गातील फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका होती. या वर्गाचा मूळ आराखडा ब्रिटिशांनी पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच नौकेवरून घेतलेला होता. तो घेऊन मुंबईकडे निघालेली ‘जावा’ ही ब्रिटिश नौका डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’कडून पराभूत झाली आणि आराखडेही गेले. ते पुन्हा पाठवावे लागले.

सागवानाने नेमका काय फरक पडला?

ओकमध्ये आम्ल असते. त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात आणि भोवतालचे लाकूडही खराब होते. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे लोखंड गंजण्याचे प्रमाण कमी होते. शिवाय हे लाकूड सहज कुजत नाही. म्हणूनच जीर्णोद्धारानंतरही या नौकेचा निम्म्याहून अधिक सांगाडा मूळ लाकडाचाच आहे.

नौदलात कारकीर्द कशी होती?

एप्रिल १८१९ मध्ये ती पोर्ट्समथला पोहोचली तेव्हा युद्ध संपून चार वर्षे झाली होती. नौदलाकडे गरजेपेक्षा जास्त जहाजे होती. त्यामुळे नवी कोरी नौका राखीव ताफ्यात बांधून ठेवण्यात आली, तीही पाव शतकाहून अधिक काळ! पुढे तोफा २६ पर्यंत कमी करून १८४७ मध्ये तिला प्रथमच सक्रिय सेवेत घेतले गेले. १८५० पर्यंत ती उत्तर अमेरिका व वेस्ट इंडिजच्या समुद्रात होती. गुलामांच्या व्यापाराला आळा घालणे, मासेमारी क्षेत्रांवर लक्ष ठेवणे अशी कामे तिच्याकडे होती. १८५२ ते १८५७ या काळात तिने पॅसिफिक महासागरात गस्त घातली. तोवर वाफेच्या जहाजांचा जमाना आला होता. १८६० नंतर ती प्रशिक्षण नौका झाली. त्यातील १८६२ ते १८७७ ही वर्षे तिने हार्टलपूलमध्येच काढली.

भंगारात जाता जाता कशी वाचली?

१८९७ मध्ये नौदलाने ती भंगारात विकली. त्याच वर्षी जॉफ्री व्हीटली कॉब या धनिकाची ‘फूड्रॉयंट’ ही नौका ब्लॅकपूलजवळ वादळात फुटली. ही कधीकाळी नेल्सनची ध्वजनौका होती. कॉब यांना मुलांच्या प्रशिक्षणासाठी दुसरे जहाज हवे होते. त्यांनी ‘ट्रिंकोमाली’ विकत घेतली आणि तिला ‘फूड्रॉयंट’ हेच नाव दिले. या नावाने तिने १९८६ पर्यंत मुलांना समुद्राचे धडे दिले. १९८७ मध्ये तिला हार्टलपूलला आणण्यात आले. दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या जीर्णोद्धारादरम्यान, १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. काम २००१ मध्ये पूर्ण झाले.

मुंबईतील इतर जहाजे एवढी नशीबवान ठरली नाहीत. १८१५ मध्ये येथेच बांधलेली ‘वेलस्ली’ सप्टेंबर १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन बॉम्बहल्ल्यात सापडून बुडाली.

मुंबईसाठी तिचे महत्त्व काय?

पोर्ट्समथची ‘व्हिक्टरी’ हिच्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत आहे. बोस्टनमधील ‘कॉन्स्टिट्यूशन’ही वयाने मोठी आणि अजून तरंगणारी. म्हणजेच, १८१२ मध्ये जिच्यामुळे आराखडे गेले, ती नौका आणि नव्या आराखड्यांवरून मुंबईत घडलेली नौका, या दोन्ही आज पाण्यावर आहेत.

मुंबईची ही जुनी गोदी आज नौदलाच्या ताब्यात आहे. सुरक्षेच्या कारणामुळे सर्वसामान्यांना तेथे सहज जाता येत नाही. त्यामुळे वाडियांचे आणि त्यांच्या हाताखालच्या सुतार-लोहारांचे काम आतून पाहायचे असेल, तर हार्टलपूलच गाठावे लागते. तेथील नौदल संग्रहालयात तिकीट काढून या नौकेच्या डेकवर चढता येते. पायाखालच्या तिच्या सांगाड्यात आजही मलबारचा साग आहे.